बारीक आवाज

“बाबा ‘हो’ म्हणाले म्हणजे त्यांना कळलं, असं धरून चालू नकोस हं,” नणंदेने जिना उतरता उतरता बजावलं होतं. वडिलांना पोचवायला ती आली होती, खाली गाडी ताटकळत होती, आणि सुनेच्या कडेवरच्या लेकीने नेमकं तेव्हाच आईचं कानातलं ओढायला घेतलं होतं. सून “बरं ताई” म्हणाली आणि तिने ते बोलणं सोडून दिलं. बापाबद्दल लेकीची कुरकूर असायचीच. कुठल्या घरात नसते?

सासरे आले होते ते नातीला सांभाळायला. सुनेची रजा संपत आली होती, नवऱ्याची नोकरी फिरतीची, आणि चिमणी अजून धड बोलतही नव्हती. पाणी म्हणजे ‘मं’ आणि बाकी सगळं जग म्हणजे ‘दे’. तिला परक्याच्या हाती सोपवण्यापेक्षा आजोबा बरे, असं ठरलं होतं. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच होते. त्यांनाही सोबत, चिमणीलाही. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

सून मुळात संशयी नव्हती. आई झाली आणि तशी झाली. शर्टाचं बटण सैल दिसलं की ते आधी उपटून टाकायची. दूध कोमट आहे ना हे मनगटावर बघायची आणि मग पुन्हा बघायची. नवरा म्हणायचा, “तू पोलिसात जायला हवं होतंस.” ती म्हणायची, “मग पहिल्यांदा तुलाच धरलं असतं.”

अशात कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं. पुढून दार असलेलं, गोल काचेचं. कपडे पिळायची वेळ आली की ते असं घोंघावायचं, जणू बाल्कनीतून विमान सुटतंय. कंपनीचा माणूस आला, दाराची काच बोटाने वाजवून म्हणाला, “दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवं घ्या.” सासऱ्यांनी त्याला चहाही विचारला नाही. जन्मभर कारखान्यात यंत्रं सांभाळलेला माणूस. त्यांनी आपला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक यंत्राच्या पाठीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले, आणि निकाल दिला, “बेअरिंग गेलंय. सुटे भाग मागव. मी आहे ना.”

भाग आले. सुनेने खोकं उघडून बेअरिंगवर कोरलेले आकडे, खोक्यावरचे आकडे आणि जुन्यावरचे आकडे ताडून पाहिले. रबरी सील नाकाशी धरून हुंगलं.

“नकली तर नसेल ना, बाबा?”

बाबा बेअरिंग बोटावर फिरवत होते. “हो,” ते म्हणाले.

“हो म्हणजे नकली?”

त्यांनी वर पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि हसले. “अगं, उत्तम आहे. एवढं काय नाकाने तपासतेस, यंत्र आहे, भाजी नाही.”

तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

बाल्कनीत यंत्राचा संसार मांडला गेला. वरचं झाकण भिंतीला टेकलं, दाराची रबरी झालर दोरीवर वाळत पडली, आतले वजनाचे सिमेंटचे ठोकळे कोपऱ्यात बसले. बाहेरची मोठी टाकी उघडून आतला भोकाभोकांचा पिंप निघाला, तेव्हा चिमणीने त्याला ‘दे’ म्हणून मिठी मारली. घरात यंत्र नाही म्हणून मळके कपडे न्हाणीघरात बादल्यांतून भिजत पडले होते. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळ्यांत तेल घालून पाहत होती. कामात खोट काढावी असं काही नव्हतं. हात नेमके चालत होते, स्क्रू वाट्यांतून वेगवेगळे ठेवले जात होते. पण माणसात काहीतरी पाणी मुरत होतं.

मोबाइलवर ते दुरुस्तीची चित्रफीत बघायचे, तीही आवाज बंद करून. तिने विचारलं तर म्हणाले, “आवाज कशाला? हात दिसतात ना त्याचे.” ती पाठमोरी काही बोलली तर उत्तर नाही. समोरून बोलली तर उत्तर, पण आधी थोडं हसू, मग ‘हो’. आणि एकदा ती कणीक मळत असताना बाल्कनीत काहीतरी टिणकन वाजलं.

“काय पडलं, बाबा?”

उत्तर नाही. पिठाच्या हातांनी गेली, तर बाबा सीलला ग्रीस लावत होते आणि चिमणी उघड्या टाकीशेजारी बसून टाळ्या पिटत होती.

“काही पडलं का आत?”

“हो हो,” बाबा म्हणाले, आणि काम करत राहिले.

रात्रीच्या फोनची वाट न बघता तिने नवऱ्याला दुपारीच गाठलं. “बाबा काहीतरी लपवताहेत. ताकास तूर लागू देत नाहीत. मला वाटतं, त्यांना विसरायला होतंय.”

“तुला दोरीसुद्धा साप दिसते,” नवरा म्हणाला. “उगाच भुई धोपटू नकोस.”

“मी कामावर गेले की ती दिवसभर त्यांच्याकडे असणार आहे.”

“मला वाढवलंच ना त्यांनी.”

“तुला सासूबाईंनी वाढवलं,” ती म्हणाली.

मग तिने स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. चहाच्या वेळी समोर बसून सहज विचारल्यासारखं करत एकेक काढलं. काल भाजी कुठली होती, ताईंच्या धाकट्याची इयत्ता कोणती, यंत्राचा पट्टा आधी चढवायचा की मोटार. बाबांनी भाजी सांगितली, त्यात मीठ कमी होतं हेही सांगितलं. इयत्ता सांगितली. मोटार सांगितली. मग कप खाली ठेवून म्हणाले, “आणि माझं नाव विचारायचं राहिलं तुझं. तेही सांगू?”

ती ओशाळली. विसरणं नव्हे, हे नक्की. मग काय? संशयाचं असंच असतं, एका दाराला कुलूप दिसलं की तो दुसरं ढकलून बघतो. पिणं? वास नाही. मन नाही लागत इथे? मग चिमणी दिसली की चेहरा असा का उजळतो?

यंत्र जुळलं. बाबांनी हात पुसले, रिकामंच चालू केलं. पिंप फिरू लागला, जोर धरला, आणि ते जुनं घोंघावणं साफ गेलेलं. बाबा कमरेवर हात ठेवून उभे. “बघ. पाण्यासारखं चालतंय.”

पण चालत नव्हतं. घोंघावणं गेलं होतं आणि त्याच्या जागी एक बारीक, कर्कश आवाज आला होता, पाटीवर नख ओढावं तसा. प्रत्येक फेऱ्याला किर्र, किर्र. चिमणीने दोन्ही कानांवर हात ठेवले. सुनेचे दात शिवशिवले.

“आवाज येतोय, बाबा.”

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग यंत्राकडे. “नवे भाग आहेत. बसतील हळूहळू.”

“अहो, घासतंय काहीतरी.”

“हो. बसेल.”

ती आतल्या आत चिडली. एवढा निर्ढावलेला खोटेपणा? काहीतरी आत राहिलंय हे यांनाही ऐकू येतंय आणि कबूल करवत नाहीये. पुरुषांची अब्रू यंत्राच्या आत असते का? जो माणूस यंत्राबद्दल असं तोंडावर खोटं बोलतो, तो उद्या पोरगी पलंगावरून पडली तरी ‘काही नाही झालं’ म्हणेल. तिने वाट्या तपासल्या. एकही स्क्रू उरला नव्हता. त्यानेही तिचं समाधान झालं नाही, उलट वाढलं ते कोडं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी यंत्र पुन्हा रिकामं लावलं, ‘बसवण्यासाठी’. तिला खाली कचरा टाकून यायचं होतं. पिशवी दाखवत तिने समोरून सांगितलं, “येतेच हं. चिमणीकडे लक्ष ठेवा.”

“हो,” बाबा म्हणाले. चिमणी तेव्हा त्यांच्या पायाशीच होती.

कचरापेटीशी शेजारीण भेटली, दोन शब्द झाले, तेवढेच. परत जिना चढताना पहिल्या वळणावरच तिला ऐकू आलं. आधी वाटलं यंत्राचंच किर्र. मग कळलं, यंत्र नाही. चिमणी. नुसतं रडणं नव्हतं ते, श्वास तुटेपर्यंतची किंकाळी होती आणि मध्ये मध्ये दारावर तळव्याचे फटके.

पायऱ्या कशा संपल्या तिला आठवत नाही. न्हाणीघराचं दार वाऱ्याने आपटून घट्ट बसलं होतं. ओलीने फुगलेलं ते दार मोठ्यांनाही खांद्याने ढकलावं लागायचं. तिने ढकललं. आत चिमणी कोपरापर्यंत भिजलेली, तोंड लालबुंद, आणि शेजारी भिजवलेल्या कपड्यांची काठोकाठ बादली. लेकीला उचलून छातीशी धरलं तेव्हा ओला फ्रॉक थंडगार लागला. एवढ्याशा बादलीत काय काय होऊ शकलं असतं, ते तिचं डोकं आपणहून तिला दाखवत राहिलं.

मग ती बाल्कनीकडे वळली. घरभर दुमदुमली होती किंकाळी. बाल्कनीचं दार सताड उघडं. आणि बाबा यंत्रापाशी पाठमोरे वाकलेले, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्याला, मूठ कानामागे, डोळे मिटून अगदी मन लावून ऐकत होते.

तिची सावली अंगावर पडली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, वळले आणि हसले. “आलीस? काही त्रास नाही दिला हिने.”

चिमणी अजून हुंदके देत होती. बाबांचं हसू तिच्या ओल्या फ्रॉकवर येऊन थांबलं, मग तिच्या तोंडावर, मग सुनेच्या. स्क्रू-ड्रायव्हर खाली आला.

ओरडायचं म्हणून तिने तोंड उघडलं होतं. पण ते हसू असं विरताना पाहिलं आणि वेगळंच बाहेर पडलं. तिने हात लांब करून यंत्र बंद केलं, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सावकाश विचारलं, “बाबा, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं. बाबा पाटावर बसले. मांडीवर फडक्याची घडी केली, ती उलगडली.

“जाड आवाज येतात,” शेवटी म्हणाले. “मोटार, ट्रक, माणसाचं बोलणं थोडंफार. बारीक आवाज गेले. कारखान्यातच गेले असणार, निरोप न घेता. तुझ्या सासूचा आवाज जाड होता, त्यामुळे घरात कधी कळलंच नाही. बाकीच्यांचं ती मला परत सांगायची. लोकांना वाटायचं, काय जोडपं आहे, नवऱ्याचं प्रत्येक वाक्य बायको बोलते.”

“मग सांगायचं ना आम्हाला.”

“सांगितलं असतं तर हिला ठेवलं असतंस माझ्याकडे?”

ती खोटं बोलली नाही. “नाही.”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले. “तुझे ओठ वाचतो मी. ताईचेही. हिचे नाही वाचता येत. शब्दच कुठे आहेत अजून तिला.” त्यांनी चिमणीकडे हात केला, पण ती आईच्या मानेत तोंड खुपसून राहिली. हात तसाच मांडीवर परत गेला. “किती वेळ रडत होती?”

“माहीत नाही.” मग तिला वाटलं, खरं ते सगळंच सांगायला हवं. “बादली भरलेली होती, बाबा.”

त्यांनी मान हलवली. ‘हो’ म्हणाले नाहीत.

मग त्यांनीच विचारलं, “खरंच किरकिरतंय का ते?”

“कालपासून. कानात सुई घातल्यासारखं.”

“आणि मी म्हणालो पाण्यासारखं.” ते कसनुसं हसले. “तू तर म्हातारा लबाड आहे असंच म्हणाली असशील.”

“म्हणाले.”

“चल, स्क्रू-ड्रायव्हर तू धर. मी हाताने फिरवतो. जिथे जास्त वाजेल तिथे बोट दाखव.”

चिमणीला कडेवर घेऊनच तिने मूठ कानामागे लावली. आधी डावीकडे, मग मागे, मग खाली. खाली टोक टेकताच तो आवाज तिच्या कवटीतून गेला. तिने बोट दाखवलं. बाबांनी खालच्या बाजूचा हीटर काढला, त्या भोकातून वाकडी तार घातली आणि बराच वेळ चाचपून चिमणीची केसाची क्लिप बाहेर ओढली. रंग खरवडून गेलेली. चिमणी एवढ्या वेळात पहिल्यांदा वळली आणि म्हणाली, “दे.”

पुढे सगळं गोड झालं असं नाही. कानाची तपासणी करायला बाबा कबूल झाले, तरी ऐनवेळी पायमोजे सापडेनात. कानातलं यंत्र आलं ते बरेच दिवस खिशातच राहिलं, कारण त्यातून त्यांना भांडी आपटल्यासारखं ऐकू यायचं. सुनेने रजा वाढवली. साहेबांनी तोंड वाकडं केलं. आता चिमणी सकाळी पाळणाघरात असते, आणि संध्याकाळी आजोबांकडे, पण सून घरात असेल तेव्हाच. बाबांना हे टोचतं. एकदा म्हणाले, “पहारेकरी आहेस.” ती म्हणाली, “आहे.” विश्वास बेअरिंगसारखा ठोकून बसवता येत नाही, आणि तिला तशी घाईही नाही. ती अजून रोज त्यांच्या कानाकडे पाहते, यंत्र लावलंय की नाही. नवऱ्यालाही तिचं ऐकवून झालं आहे, जिन्यातलं बोलणं सोडून दिल्याबद्दल नणंदेची माफीही मागून झाली आहे.

पण हे वाचणाऱ्यांकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्याही घरात, किंवा शेजारी, असं एखादं माणूस असेल, कशालाही आधी हसणारं आणि मग ‘हो’ म्हणणारं, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की फार समजूतदार आहेत, कधी वाद घालत नाहीत. हे खाली ठेवा आणि आज त्यांच्याकडे जा. समोर जाऊ नका. पाठीमागे उभे राहा आणि हळू आवाजात, नावाने हाक मारा. वळले तर दोन गप्पा मारून या. नाही वळले, तर रागावू नका, ओरडूही नका. पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसा. आणि त्या घरात लहान मूल असेल तर मात्र उद्यावर टाकू नका.