माझ्यातच राहिलेला अर्ज

मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात बहिणींच्या गठ्ठ्याखाली मी सहा महिने दबून होते. २००६ च्या जुलैत कामठ्याच्या रेणूनं मला उचललं. एम.ए.ला तिनं ‘चिकित्सक विचार’ हा विषय घेतला होता. मित्रांनो, खरं सांगते, हे काय प्रकरण आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं अन् मलाही.

शिकवायला नंदलाल सर होते. कोणी छातीठोकपणे काही म्हटलं की ते एवढंच विचारायचे, “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” वर्ग चिडायचा. रेणू मात्र शब्दन् शब्द माझ्यात उतरवून घ्यायची. चाचणीत ती पहिली आली तेव्हा सरांनी मला हातात धरून साऱ्या वर्गाला दाखवलं, आणि मी काय फुगले म्हणता! पण शहाणपण सगळं माझ्या पानांत होतं. तिच्या डोक्यात ते शिरायचं बाकी होतं.

त्या ऑक्टोबरात धान पोटरीत आलं, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आणि तिचे वडील परसराम यांच्या शेवटच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाण्यावाचून भेगा पडल्या. गावतलावाचं पाणी पाळीनं सोडायचं काम उदाराम पाणकराकडे होतं. तो शपथेवर सांगे, मी पाळी चुकवली नाही. परसराम ऐकतात कुठले! मागच्या दिवाळीत दोघांची बैलांवरून वाजली होती, तेव्हा हा त्याचाच सूड, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. रविवारी तलाव समितीची बैठक होती. उदारामला कामावरून काढा, असा अर्ज रेणूनं लिहायचा होता. लेकीला एवढं शिकवलं त्याचा काही उपयोग व्हावा की नाही!

अर्ज लिहायला तिनं मलाच उघडलं. मला धडकीच भरली. पंचवीस वर्षं उदारामचं घर त्या एका कामावर उभं होतं. ‘उदाराम मुद्दाम पाणी अडवतो’ इथवर ती आली आणि पेन थांबलं. समोरच्या पानावर तिच्याच अक्षरात सरांचं वाक्य होतं, ‘राग आला असेल तेव्हा पुरावा दोनदा तपासा.’ इथं तर एकदाही तपासला नव्हता. तिनं मला काखेत मारलं आणि वडिलांना म्हणाली, “बाबा, चला, आधी पाहून येऊ.”

“काय पाहाचं आहे त्यात?” परसराम कुरकुरले, पण गेले.

त्यांच्याच वरच्या बांधीत पाणी चांगलं घोटाभर होतं. त्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर, परसरामांनी यंदा दाट तूर लावली होती, म्हणून महिनाभर त्यावरून कोणी चाललंच नव्हतं. रेणूनं तूर बाजूला सारली. खाली खेकड्यांनी पोखरलेलं मनगटाएवढं भोक, आणि शेवटच्या बांधीत उतरायचं पाणी खळखळ नाल्यात चाललेलं. परसराम वाकले आणि चिखलाचे गोळे त्या भोकात कोंबू लागले. 

रविवारी ते सगळ्यांदेखत उभे राहिले. “उदाराम, तू पाणी देऊन राहिला होता. माह्याच धुऱ्यानं गिळलं. माफ कर.” आपण अर्ज लिहायला घेतला होता, हे रेणूनंही कबूल केलं. तिची मान खाली होती.

उदाराम तिच्याकडे पाहून म्हणाला, “पोरी, तू पाहाले तरी आली. बाकीचे घरी बसूनच ठरवते.”

तो अर्ज माझ्यात अजून अर्धवटच आहे. रेणू आता सौंदडच्या शाळेत शिकवते आणि सरांना न चुकता पत्र पाठवते. मी मात्र कित्येक वर्षं फडताळात पडून आहे, कडा वाळवीनं खाल्ल्या. तक्रार नाही. सरांचे उपकार माझ्यावरही आहेत, नाहीतर माझ्याच पानावरून एका निर्दोष माणसाची भाकरी गेली असती.

मित्रांनो, वह्या जपाल तर बरंच वाटेल. पण कोणाकडे बोट दाखवायच्या आधी त्या जागेपर्यंत एकदा चालत जा. पायाला चिखल लागेल, तो धुतला की जातो. माणसाला लावलेला डाग तसा जात नाही.