स्त्रियांनी पाहू नये

‘सहकुटुंब पाहावा’ हे शब्द कुठे छापलेले दिसले की अजून माझं डोकं तडकतं. आमच्या गावात सहकुटुंब म्हणजे नवरा पडद्याच्या पुढे आणि कुटुंब पडद्याच्या मागे.

गावाचं नाव सांगत नाही. पारनेरच्या बाजूला आहे आणि तिथली माणसं अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि माझे यजमान, सुमंत गुरुजी, तिथल्या शाळेत होतो. ते मुख्याध्यापक, मी पहिली-दुसरीची बाई. पावसाळा सोडला तर दर पंधरवड्याला पुंजारामचा सिनेमाचा तंबू यायचा. शुक्रवारी आणि शनिवारी एकच सिनेमा. गुरुजी दोन्ही दिवस जायचे, आणि शुक्रवारचा खेळ झाला की शनिवारी सकाळी चावडीच्या फळ्यावर, बाजारभावाच्या खाली, त्या सिनेमाबद्दल चार ओळी लिहायचे. अक्षर मोत्यासारखं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पौराणिक सिनेमा आला की लिहायचे, ‘देवदर्शनाचा लाभ. गाणी श्रवणीय. सहकुटुंब पाहावा.’ डाकूंचा आला की, ‘घोडे उत्तम. रक्तपात अति. मुलांना नेऊ नये.’ सासू-सुनेचा रडका सिनेमा आला तेव्हा लिहिलं, ‘प्रत्येक सुनेने पाहावा.’ सासवांनी काय पाहावं ते कधी लिहिलं नाही. हेरगिरीचा आला तेव्हा, ‘बुद्धीला चालना. नायिकेचे कपडे अपुरे. स्त्रियांनी पाहू नये.’ मग अपुरे कपडे पुरुषांनी जाऊन पाहिले. गुरुजींचा शब्द ते कधी मोडत नसत.

ती शेवटची ओळ म्हणजे हुकूम होता. सरपंच आबासाहेब फळा वाचायचे आणि पुंजारामला निरोप धाडायचे, आज मागची बाजू बंद. कुठला ठराव नाही, काही नाही. घरोघरचे पुरुष संध्याकाळी हात धुता धुता सांगायचे, ‘गुरुजींनी न्हाई म्हनून लिवलंय,’ आणि बायकांचा पंधरवड्यातला एक विरंगुळा संपायचा. त्या वर्षी गावातल्या बहुतेक बाया खडी फोडायला जात होत्या. शनिवारी बाजार, म्हणून काम लवकर सुटायचं आणि त्या तंबूत येऊ शकायच्या.

मागची बाजू म्हणजे काय ते सांगते. तंबूच्या मधोमध पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. मागून चित्र दिसायचं असेल तर कापड ओलं करावं लागतं, नाहीतर नुसत्या सावल्या हलतात. पूर्वी पुंजाराम स्वतः बादल्या ओतायचा. विहिरी आटल्यावर तो म्हणाला, “पानी तुमचं, चित्र माझं.” तेव्हापासून प्रत्येक बाई येताना तांब्याभर पाणी आणायची. दिवसभर खडी फोडून, टँकरपुढे भांडून मिळवलेलं पाणी त्या कापडावर ओतायच्या. आणि एवढं करून काय दिसायचं? नायक डाव्या हातानं तलवार चालवायचा, पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसायची आणि कर्णा पुरुषांकडे तोंड करून ओरडायचा.

एक गोष्ट मात्र मागूनच चांगली दिसायची. यंत्र एकच होतं. रीळ संपलं की पुंजाराम पुरुषांच्या बाजूला बत्ती लावायचा आणि दुसरं रीळ चढवायचा. आम्ही अंधारात, ते उजेडात, मध्ये ओलं पातळ कापड. सगळे पुरुष आम्हाला तोंडावर दिसायचे. त्यांच्या पाठीमागे, यंत्राला लागून, गुरुजींसाठी मुद्दाम ठेवलेली खुर्ची, आणि खुर्चीत गुरुजी मान टाकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. पहिलं रीळ संपताना झोपलेले असायचे आणि शेवटचं संपताना सुद्धा झोपलेलेच. पुरुष पुढे बघत बसायचे, त्यांना मागचं काय कळणार? पुंजारामला माहीत होतं, पण त्याला चांगला अभिप्राय हवा असायचा.

शेजारी बसलेल्या बायडाबाईनं पहिल्यांदा मला कोपरानं ढोसलं. “बाई, गुरुजी ध्यानाला बसल्यात.” सगळ्या पदर तोंडात कोंबून हसल्या. मीही हसले. घरी जाताना मात्र लाज वाटली. लाज माझी का, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग ते फळ्यावर लिहायचे कसे? शनिवारी सकाळी चहा घेताना विचारायचे, “काय गं, कसा वाटला?” मला सिनेमा सांगायची हौस. संवादासकट सांगायची मी. ते बशीतून चहा घेत ‘हं, हं’ करायचे. नवरा आपलं मत विचारतो म्हणून मला केवढं भूषण वाटायचं! घोडे उत्तम, हे माझं मत. गाणी श्रवणीय, हेही माझंच. त्यांची स्वतःची फक्त शेवटची ओळ.

मग एका पंधरवड्यात एक सिनेमा आला, त्यातला नवरा दारू पीत नव्हता, मारत नव्हता. चांगला माणूस होता. फक्त बायकोला कुणी काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. जेवलीस का, तर तो म्हणायचा, जेवली. बरी आहेस ना, तर तो म्हणायचा, बरी आहे. शेवटी एके दिवशी ती घर सोडून निघून जाते. तो खिडकीतून हाका मारत राहतो, ती मागे बघत नाही. शुक्रवारी मागच्या बाजूला आम्ही पाच-सहाजणीच होतो. तेवढ्याजणींना पडदा पुरता ओला करता आला नाही. तरी तो शेवट पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी मी तो सांगत बसले आणि चहा उतू गेला. गुरुजी ‘हं’ म्हणाले, टोपी घातली आणि गेले. थोड्या वेळानं शाळेत जाताना मी फळा पाहिला.

‘अभिनय ठीक. नायिका घर सोडून जाते व परतत नाही. शेवट संसारास घातक. स्त्रियांनी पाहू नये.’

मी तिथेच उभी राहिले. माझ्या तोंडून ऐकलेला शेवट, आणि तोच बायकांच्या दारावर आणून ठोकला होता. आज ज्या बाया यायच्या होत्या त्यांना मीच अडवलं होतं, नुसतं चहा करता करता. पहिलीच्या पोरांना त्या दिवशी मी उगाच ओरडले.

दुपारी भाकरी वाढताना मी विचारलं, “तुम्ही तो सिनेमा पाहिलात का?”

“पाहिला म्हणून तर लिहिलं.”

“झोपला होतात. दरवेळी झोपता. मागून सगळं दिसतं.”

“डोळे मिटून ऐकत असतो,” ते म्हणाले. “संगीत डोळे मिटूनच ऐकायचं असतं.”

“शेवटची ओळ पुसा.”

“अगं, गावाचा माझ्यावर विश्वास आहे. अडाणी बायका या. बघून उद्या एखादी खरंच निघून गेली, तर जबाबदारी कुणाची?”

“खडी फोडताना बोटं फुटतात त्यांची, ती जबाबदारी कुणाची असते?”

“विषय कुठल्या कुठे नेतेस. जरा ठेचा वाढ.”

मी ठेचा वाढला. होय, वाढला. ते तो चवीनं खात राहिले आणि माझा संताप त्या चवीनंच जास्त झाला. आरडाओरडा केला असता तर मी सोसलं असतं.

दिवेलागणीला मी चावडीवर गेले. बाजार उठला होता. पुरुष ओट्यावर बसून विड्या ओढत होते, गुरुजी आबासाहेबांशेजारी. तेवढ्यात कामावरच्या बाया आल्या, धूळ झटकून, तोंडं धुऊन, हातात तांबे घेऊन. पुढे गोजरबाई होती. तिच्या हाताला चिंधी बांधलेली होती.

आबासाहेब म्हणाले, “आज माघारी जा. मागची बाजू बंद हाय. फळ्यावर लिवलंय.”

“काय लिवलंय?” गोजरबाईनं विचारलं.

“तुमी बगन्यासारका न्हाई, म्हून लिवलंय.”

“कुनी बगितला?”

“गुरुजींनी.”

यावर सगळ्या बाया एकदम हसल्या. पुरुष एकमेकांकडे बघू लागले, त्यांना हसण्यासारखं काही दिसेना. गुरुजी टोपी सारखी करू लागले. गोजरबाई हसली नाही. ती माझ्याकडे वळली. “बाई, तुमी बगितला का?”

“पाहिला.”

“मंग कसा हाय?”

गुरुजी म्हणाले, “तिलाही नाही आवडला.”

जेवलीस का, जेवली. बरी आहेस ना, बरी आहे!

“गोजरबाई, तांब्या द्या,” मी म्हटलं.

तिनं दिला. मी ते पाणी फळ्यावर फेकलं आणि पदरानं पुसलं. ‘घातक’ तेवढं राहिलं. बायडाबाईनं तिचा तांब्या ओतला. मग तिसरीनं ओतला, मग सगळ्यांनी. एवढ्याशा फळ्याला तेवढं पाणी लागत नव्हतं. पण त्या ओततच राहिल्या, पाण्यासाठी रडणाऱ्या गावात, चावडीच्या भिंतीवर.

“नीलांबरी! काय चालवलंयस?” गुरुजी उठले.

खडू माझ्या कमरेला पिशवीत असायचाच. ओल्या फळ्यावर तो उमटेना, म्हणून मी दाबून दाबून लिहिलं:

‘परीक्षक पहिल्या रिळातच झोपतात. गेली दोन वर्षे. स्त्रियांनी पाहिले आहे.’

कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. बायांनी माना डोलावल्या. आबासाहेबांनी विचारलं, “गुरुजी, खरं का ह्ये?”

“रागात आहे ती. सिनेमा मी अथपासून इतिपर्यंत पाहिलाय.”

“मग सांगा,” मी म्हटलं, “घर सोडून जाताना तिच्या हातात काय होतं?”

हे मी चहाच्या वेळी सांगितलं नव्हतं. का ते तेव्हा कळलं नाही. तेवढं एक मला माझ्यासाठी ठेवावंसं वाटलं होतं.

गुरुजींनी घसा खाकरला. विचार केला. “गाठोडं,” ते म्हणाले. “कपड्यांचं गाठोडं.”

ओट्यावरून आधी एकजण हसला. मग शुक्रवारी जे जे गेले होते ते सगळे. आबासाहेब हसले नाहीत. त्यांची मान लाल झाली होती.

“कुलूप हुतं, गुरुजी,” ते म्हणाले. “नवऱ्याला आत ठिवून तिनं भायेरनं कुलूप घातलं. म्हून तर त्यो खिडकीतनं वराडत हुता. अवो, तुमच्या झोपंपायी दोन वर्सं आमी घरात भांडनं काढली!”

बायकांची बाजू घेऊन ते बोलले असं कुणी समजू नये. आपण फसलो, याचा तो राग होता. पण मला तेवढा पुरला. पाटलासारखे तरातरा चालत ते तंबूकडे गेले आणि कुणीही बाया अडवल्या नाहीत.

तंबूच्या दारात पुंजाराम उभा होता. “पडदा भिजवायला पानी कुठंय?”

“सपलं,” गोजरबाई म्हणाली.

“मंग मागनं काय बी दिसायचं न्हाई.”

“मंग म्होरनं बगतो.”

आणि ती सरळ पुढच्या दारानं आत शिरली. तिच्यामागे सगळ्या. पुरुष कुरकुरत सरकले. एकजण तर उठूनच गेला, जाऊ दे मेला. आम्ही डाव्या अंगाला जमिनीवर बसलो. कर्ण्याचा आवाज थेट कानात येत होता. सुरुवातीची नावं सरळ आली, आणि दुसरीपर्यंत शिकलेली बायडाबाई अक्षर अक्षर लावून ती मोठ्यानं वाचायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही. रीळ बदलताना बत्ती लागली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

सिनेमा समोरून पाहिला तेव्हा मला कळलं की तो तितकासा बरा नाही. नायिका फार रडत होती. गाणी घुसडलेली होती. ओल्या कापडामागून जे भव्य वाटलं ते पुढून रंगवलेल्या पुठ्ठ्याचं घर निघालं. पण माझं मत वाईट झालं ते मी पाहून झालं, एवढा तरी हक्क मला मिळाला होता.

परत जाताना मी गोजरबाईला विचारलं, “कसा वाटला?” मनातून वाटत होतं, तिचे डोळे भरलेले असतील, ती माझा हात धरेल.

ती म्हणाली, “लई लांबवलंय, बाई. जायाचंच हुतं, तर पयल्याच रिळात का न्हाई गेली?”

मला तिचाही राग आला. याच्यासाठी मी चारचौघांत नवऱ्याशी भांडले? घरापर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. गुरुजी आधीच भिंतीकडे तोंड करून झोपले होते, निदान तसं दाखवत होते.

सकाळी त्यांच्याआधी उठून मी चावडीवर गेले आणि फळा कोरडा करून लिहिलं, ‘गोजरबाई म्हणतात: लई लांबवलंय. जायचंच होतं, तर पहिल्याच रिळात का नाही गेली?’ खाली प्रथमच सही केली. माझी.

घरी येऊन चहा ठेवला. गुरुजी चावडीवरून फिरून आले आणि दारातच थांबले. चप्पल काढली नाही.

“ते कुणाबद्दल लिहिलंयस?”

“सिनेमाबद्दल,” मी म्हटलं.

ते चुलीकडे पाहत राहिले. पातेल्यात चहा एकाच माणसाचा होता.