पहिल्या खेपेला परत

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या नाविक-कुटुंब संघाचा जुना मेल सर्व्हर बंद पडला आणि नवा निवडायचं काम लिंडा पाल्मारेसच्या गळ्यात पडलं. मोठं मशीन घेतलं असतं तर त्याने प्रत्येक पत्र उघडून तपासलं असतं. लिंडाने छोटं घेतलं. त्याची मेमरी बेताचीच, म्हणून कचरा-पत्रं गाळायला तिने सोपी युक्ती लावली: अनोळखी पत्त्यावरून पत्र आलं की मशीन ते न उघडताच सांगणार, थोड्या वेळाने परत पाठवा. कचरा पाठवणारे पुन्हा फिरकत नाहीत, खरे फिरकतात. बैठकीत तिने हे अशा काही ठसक्यात मांडलं की संघातल्या म्हाताऱ्या कॅप्टन हालान्दोनींनीही मान डोलावली. शुक्रवारी मशीन सुरू झालं, कचरा एकदम आटला आणि बाईसाहेब दिवसभर हवेत होत्या.

शनिवारी दुपारी 'सान एलियास' जहाज वादळात सापडलं. कंपनीचा जहाजाशी संपर्क तुटला तो तुटलाच. वादळातून जहाज निघालं की त्याचा कप्तान संघाला एकच पत्र धाडतो, सुखरूप असलेल्यांची नावं लिहून, आणि संघ घरोघर कळवतो. ही इथली रीतच. सोमवार उजाडला तरी बावीस घरं फोनपाशी बसून होती. मनांग रोसेला, म्हणजे रोसेलाताई, तर थेट ऑफिसातच येऊन बसली. तिचा नवरा त्या जहाजाच्या इंजिनावर कामाला.

"इंदाय, पोरी, पुन्हा बघ ना गं."

"आत्ताच बघितलं, मनांग. काही नाही."

"तुझं हे नवं खोकं झोपलंबिपलं नाही ना?"

लिंडा हसली खरी, पण लगेच स्क्रीनकडे वळली. तिने मशीनच्या नोंदी उघडल्या. रविवार, सकाळी सहा बेचाळीस. 'सान एलियास'चा पत्ता. अनोळखी, म्हणून परत. पुढे काही नाही.

नव्या मशीनला सगळेच अनोळखी! आणि जहाजावरचं पत्र उपग्रहातून जातं, तेही एकदाच. पुन्हा पाठवायची सोय महाग पडते म्हणून बंदच ठेवतात. खलाशाची पोर असून लिंडाला हे काय ठाऊक नव्हतं? बापाची सगळी पत्रं तशीच आली होती. शहाणपणाच्या भरात ती विसरली.

नोंदीतली ही एक ओळ पुसली तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. असा विचार आला याचीच तिला लाज वाटली. तिने गाळणी बंद केली, तटरक्षकांना फोन करून पत्राची वेळ सांगितली आणि रोसेलासमोर खुर्ची ओढली.

"मनांग, काल सकाळी पत्र आलं होतं. माझ्या मशीनने परत धाडलं. चूक माझी आहे."

रोसेला ताडकन उठली. "काल? वादळानंतर? म्हणजे जहाज आहे!" तिने छातीवर क्रूस काढला, लिंडाचे हात गच्च धरले, हसता हसता रडली. "अगं वेडे, मग तू रडतेस कशाला?"

लिंडाने तिची नजर टाळली.

हळूहळू रोसेलाचे हात सैल पडले.

"माझ्या रामिलचं नाव होतं ना गं त्यात?"

"मशीनने ते उघडलंच नाही, मनांग."