चंद्राबाईच्या पाच गोधड्या

माझी थोरली जाऊ चंद्राबाई गोधड्या सुरू करण्यात पटाईत होती. जुनी लुगडी धुवायची, वाळवायची, एकावर एक अंथरायची, कडेनं दोन ओळी टाके घालायचे, आणि मग म्हणायचं, "राहिलंय काय त्यात, बसल्या बैठकीत होईल." अशा पाच गोधड्या आमच्या भिसेगावच्या घरात माळ्यावर पडून होत्या. सगळ्यात जुनी तिनं लेकीच्या, चिमाच्या, जन्माच्या वेळी शिवायला घेतली होती. सन सव्वीस साली चिमालाच दिवस गेले, तरी ती गोधडी दोन ओळींवरच होती. उंदरांनी मात्र आपलं काम वेळेवर केलं होतं.

मी बोलले असते, पण धाकट्या जावेनं बोलायचं नसतं. मी भांडी आपटायची.

पौषात चिमाच्या सासरी, चौक गावी, डोहाळजेवण झालं. आमच्याकडे पहिल्या बाळाखाली घालायची गोधडी आईची आई देते. तिथं चिमाची सासू अंबाबाई चारचौघींत म्हणाली, "गोधडी मीच शिवते बाय. विहीणबायची यायची म्हंजे पोर शाळंत जायाचं." सगळ्या हसल्या. चंद्राबाईही हसली, पण परत येताना बैलगाडीत ती वाटभर मिश्रीची डबी नुसती उघडत आणि मिटत राहिली. मला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

दुसऱ्याच दिवशी तिनं देवापुढे नेम धरला. शिमग्याच्या आत पाचही गोधड्या पुऱ्या करायच्या आणि तोवर दातांना मिश्री लावायची नाही. चुलीशेजारच्या भिंतीवर तिनं कोळशानं पाच रेघा ओढल्या. एक गोधडी झाली की एक रेघ पुसायची.

मिश्रीवाचून चंद्राबाई कशी असते हे ज्यानं पाहिलं नाही, त्यानं सुखानं जगावं. तिसऱ्या दिवशी ती कोंबडीशी भांडली. चौथ्या दिवशी कोंबडीची बाजू घेऊन माझ्याशी भांडली. तिचा नवरा, सहदेवभावजी, काही काम नसताना शेतावर जाऊन बसू लागले. शिवण मात्र पुढे सरकेना, कारण सुई हातात घेतली की तिला मिश्री आठवायची. महिन्याभरात रेघा पुसल्या गेल्या खऱ्या, पण त्या नुसत्याच. पाचाच्या तीन झाल्या, "त्या दोन काय, उंदरांच्याच हायेत." तिनाच्या दोन झाल्या. तिथं मात्र ती अडली. एक बाळाखाली, एक बाळावर, याहून कमी करता येईना.

चिमाला सातव्यात आणायची, ती गोधड्यांपायी आठव्यावर गेली. शिमगा दोन दिवसांवर आला तेव्हा कुठे चंद्राबाई तिला आणायला चौकला निघाली. तिची पाठ वळताच भावजी ओसरीवरून म्हणाले, "गौरा, आज आन् उद्या हाय आपल्याकडं. दोनी गोधड्या उरकून टाकू. मला मिश्री लावलेली बायको पायजे."

भाताच्या गोण्यांखेरीज ज्यांनी जन्मात काही शिवलं नाही, त्यांनी हे म्हणावं. पण मलाही तेच हवं होतं.

गोधडी कडेकडेनं फिरत आत आत शिवत न्यायची असते, म्हणून ती जमिनीवर पसरावी लागते. जमीन मी सकाळीच सारवली होती आणि शेण अजून ओलं होतं. मी म्हटलं, एक खाली घालू, तिच्यावर दुसरी पसरून शिवू. खालची मळली तर धुता येईल. एका बाजूला मी सुई घेऊन बसले. समोर भावजी बसले, गोण्या शिवायचा दाभण आणि सुतळी घेऊन. सुई म्हणे त्यांच्या बोटांना टोचते. थोरल्या दिराकडे मी मान वर करून बघत नाही, त्यामुळे त्यांचा दाभण किती खोल जातोय ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला चंद्राबाई चिमाला घेऊन आली. भावजींनी ऐटीत गोधडी उचलली. तिच्यासोबत खालचीही उठली. ते ओढायला लागले तेव्हा चिमा म्हणाली, "बाबा, फाटंल." दोन्ही गोधड्या सुतळीनं अशा जखडल्या होत्या की त्यात भात भरला असता तर दाणा सांडला नसता. आणि खालच्या अंगाला माझं शेण.

आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो. चंद्राबाईनं ते प्रकरण चहूबाजूंनी बघितलं, ती चुलीपाशी गेली आणि तव्यावर मिश्री भाजायला घातली. दात घासून झाल्यावर म्हणाली, "धुऊन घ्या. दोनाची एक झाली. मधलं ऱ्हायलंय ते मी करते."

तिनं ते केलं नाही, हे सांगायला नको. महिन्यानं चिमाला मुलगा झाला तेव्हाही गोधडीच्या मधला हातभर चौकोन बिनटाक्यांचाच होता. बाराव्या दिवशी अंबाबाई बारशाला आली, काखेत स्वतः शिवलेली नवी गोधडी. टाके इतके बारीक की मला बघूनच राग आला. चंद्राबाईचं तोंड उतरलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी तिच्या बाजूनं उभी राहिले ती त्या दिवशीच.

बाळ आमच्या गोधडीच्या मधोमध झोपलं होतं, कारण सुतळी नसलेली तेवढीच जागा मऊ होती. अंबाबाईनं त्याला उचलून आपल्या गोधडीवर घातलं. त्यानं टाहो फोडला. परत ठेवलं, गप्प. पुन्हा उचललं, पुन्हा टाहो. तिसऱ्या खेपेला अंबाबाईनं आपल्या गोधडीची घडी घातली.

मग तिनं आमच्या कडेचे टाके बोटानं चाचपले. "ह्ये कुनी शिवलंय, गाडीवानानं?"

भावजी ओसरीवरून नाहीसे झाले.

"एक सुई मला द्या, विहीणबाय," अंबाबाई म्हणाली. "इतकंच ऱ्हायलंय तर आजच करून टाकू."

चंद्राबाईनं दोन सुया ओवल्या. एकीकडून ती आणि दुसरीकडून अंबाबाई, दोघी शिवत आत सरकू लागल्या. बाळाच्या अंगापाशी आल्यावर दोघींचे हात थांबले.

"उचलता का जरा?" चंद्राबाईनं विचारलं.

"तुमी उचला."

दोघींपैकी कोणीच हात लावला नाही. बाळ मूठ तोंडात घालून झोपलं होतं. अंबाबाईनं सुई पदराला खोचली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पुरी झाली ही."

चंद्राबाईनं दातानं दोरा तोडला.