शिडीवरची चूक

सरांनी टॅबलेटवर भिंतीला टेकलेली शिडी पुन्हा काढली, जमिनीपाशी घर्षणाचा बाण मुद्दाम उलटा दाखवला आणि गप्प राहिले.

"सर, बोला ना," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाली म्हणाली.

"थांबलोय मी."

"कशासाठी?"

"कुणीतरी चूक पकडेपर्यंत."

तिने खोलीभर नजर फिरवली. तिथे ती दोघंच होती.

कॉलेजात त्यांना सगळे 'एकचूक सर' म्हणत. दर तासाला फळ्यावर एक चूक ते जाणूनबुजून करत आणि ती कुणी दाखवेपर्यंत पुढे सरकत नसत. पोरं वैतागायची, पण फळ्यावरून डोळे काढायची नाहीत. या सत्रापासून मात्र तास बंद झाले होते. मुलांनी घरबसल्या टॅबलेटवरचे पाठ बघायचे. बघतील आणि जे दिसेल ते मुकाट उतरवून घेतील, या धास्तीने सर पार हैराण झाले होते.

तपासणी समितीने हा पाठ दोनदा परत पाठवला होता. शेरा एकच, बाण चुकला आहे. त्यात टॅबलेटचं शहाणपण वेगळंच. सरांनी मुद्दाम ठेवलेली शांतता त्याने परस्पर कापून टाकली होती, आणि तळहात जरा टेकला की काढलेली रेघ भलतीकडे पळे. सरांच्या नाकी नऊ आले होते.

"सर, बाण सरळ करून टाका ना. एवढंसं तर आहे."

"एवढंसं? मग पोरांनी बघायचं काय? माझं तोंड?"

"मला आज अजून तीन पाठ उरकायचेत, सर."

त्या बिचारीवर आग पाखडण्यात काय अर्थ होता? त्यांनी चरफडत बाण सरळ केला, धडाधड बोलून मोकळे झाले आणि स्क्रीनकडे वळूनही न बघता निघाले. समितीने पाठ लगेच मंजूर केला. वर 'निर्दोष' असा शेरा मारला, तो वाचून सर आणखीच भडकले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या वर्गातली, कायम मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी टॅबलेट घेऊन कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत आली.

"सर, सापडली."

"काय?"

"चूक. शिडीच्या वजनाचा बाण मधोमध हवा ना? तुम्ही वरच्या टोकाला लावलाय."

"या पाठात चूक नाही," सर तुटकपणे म्हणाले. "ठेवू दिली नाही मला."

तिने टॅबलेट पुढे केला. बाण खरंच वर सरकला होता. सरांची नजर स्वतःच्या तळहाताकडे गेली.

"तू एकटीने शोधलीस?"

"सगळेच शोधत होतो, सर. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. एक तरी असणारच, हे माहीत होतं." ती जराशी चाचरली. "हीच ना?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हीच," ते म्हणाले आणि तिला बसायला खुर्ची पुढे ओढली.