तांबडीचं दावं

मित्रांनो, मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका हं, त्याचा मला फार राग येतो! समुद्रापलीकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मुंबई बंदरात उतरले ती थेट एका लहानशा संस्थानात, राजेसाहेबांच्या दारी. दसऱ्याला माझ्या गळ्यात झेंडूची माळ आणि पुढे वाजंत्री, असा थाट! पुढे स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं आणि राजवाड्यातलं सामान लिलावात निघालं. या हातातून त्या हातात फिरत मी बुऱ्हाणपुरात पोचले, तेव्हा माझ्या गादीत उंदरांनी संसार मांडला होता. कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या गिरधर मिस्त्रीने मला घरी आणलं. माझं इंजिन सुटं करून धुतलं, हवे ते भाग कुठून कुठून शोधून बसवले आणि मला छान तांबडा रंग दिला. मी गोठ्याशेजारी उभी असे. त्याची बायको भागाबाई मला तांबडी म्हणे. गायीला हळदकुंकू लावलं की मलाही लावी. आता सांगा, माझा जीव जडणार नाही तर काय?

आणि मग गिऱ्हाईक आलं! तापीपलीकडच्या जैनाबादचे केळीवाले चुडामणभाऊ. घरच्यांना मोटारीतून बाजारात आणायची त्यांना भारी हौस. सोबतच्या लोटूने, त्यांच्या धाकट्या भावाने, मात्र माझं तोंडही पाहिलं नाही. खाली वाकून नुसती चाकं दाबत राहिला.

"दादा, नाही चालली तरी घाटा नाही," तो म्हणाला. "चाकं काढून घेऊ. एक नंबर बैलगाडी होईल."

त्या दिवसांत माझ्यासारख्या कितीतरी मोटारींची चाकं बैलगाड्यांना लागली होती. सौदा ठरला, भाऊ गाडी चालवायला शिकले, पण माझ्या मनातून लोटूचं बोलणं काही जाईना.

निघायच्या दिवशी भागाबाईने चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि पदराने डोळे पुसले. ती आणि गिरधर नदीपर्यंत पोचवायला आली. मागून लोटू बैलगाडी घेऊन येत होता.

उन्हाळ्याचे दिवस, तापीला गुडघाभर पाणी. गाड्या पाण्यातूनच पलीकडे जात. मी मधोमध पोचले आणि इंजिनात पाणी उडून बंद पडले. भाऊंनी बटण दाबलं. मी नुसती खोकले.

काठावरून गिरधर ओरडला, "भाऊ, सीटखालचं हँडल काढा! पुढून फिरवलं की लगेच चालू होईल!"

सीटखाली हँडल नव्हतंच. भागाबाईचा चेहरा खाडकन उतरला. ती घराकडे पळत सुटली.

"बस झालं, दादा!" लोटूने बैल सोडून आणले. "ओढून नेऊ अन् उद्याच खोलून टाकू."

"खोल बाबा," भाऊ वैतागून म्हणाले. "माझीच हौस मला नडली."

लोटूने बैलांचं दावं माझ्या पुढच्या दांडीला बांधलं. मित्रांनो, माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! पळता येईना, ओरडता येईना. गिरधर धोतर खोचून पाण्यात उतरला आणि माझं इंजिन पुसू लागला.

तेवढ्यात भागाबाई धापा टाकत पाण्यात शिरली. तिच्या पदराआड हँडल होतं.

"गाय विकली की दावं घरीच ठेवतात ना, बरकत जाऊ नये म्हणून?" ती रडत म्हणाली. "हिला दावं कुठलं? म्हणून मी हे ठेवून घेतलं."

गिरधरने कपाळावर हात मारला. "अगं, त्याच्याविना ती चालू कशी होईल?"

चुडामणभाऊ पुढे आले. त्यांनी हँडल लावून जोर केला. मी गुरगुरले. पुन्हा जोर केला आणि मी चालू झाले! मग माझ्या दांडीची गाठ सोडून त्यांनी ते दावं भागाबाईच्या हातात दिलं.

"घ्या वहिनी. मीबी गाय विकतो तर दावं देत नाही. तुमच्या तांबडीचं हे घरी राहू द्या." मग लोटूकडे वळून म्हणाले, "अन् हिच्या चाकांना कोणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

मित्रांनो, मला नदीत कोणा वैऱ्याने अडकवलं नव्हतं. माझ्यावर जिचा जीव, तिच्याच हातून ते घडलं. म्हणून कळवळून सांगते, आवडती वस्तू दुसऱ्याला द्याल तेव्हा तिच्यातलं काही मागे ठेवावंसं वाटेल. ठेवा, पण आधी एवढं पाहा, त्याच्याविना ती चालेल ना?