पाणी बघणारी

मिस्त्रीने हातोडीचा आणखी एक ठोका दिला आणि इंजिनाला घट्ट चिकटून बसलेला पाइप एकदाचा सुटला. तो उलटा करून त्याने होडीच्या लाकडी पायरीवर आपटला. आतून करड्या खपल्या पडल्या.

“बघा काकू. पेन्सिल तरी जाईल का यातून?”

तिने पाइप डोळ्याला लावला. पलीकडे उजेडाचा जेमतेम एक ठिपका दिसत होता. इतकी वर्षं समुद्राचं पाणी होडीच्या तळातल्या भोकातून आत ओढलं जायचं, तापलेल्या इंजिनाभोवती फिरायचं आणि मागच्या नळीतून भसाभस बाहेर पडायचं. जाता जाता दर वेळी चिमूटभर मीठ आत ठेवून जायचं.

“आता खाऱ्या पाण्याचं नाव नको,” मिस्त्री म्हणाला. “मोटारीला असतो तसा रेडिएटर बसलाय. तेच ते गोडं पाणी आतल्या आत फिरणार, पंखा त्याला गार करणार. तळातलं भोक होडी वर काढली होती तेव्हाच बुजवलंय. तुम्ही आता खुशाल एकट्या जा.”

“हो,” ती म्हणाली. एकटीने जाता यावं म्हणूनच तर तिने हे सगळं करून घेतलं होतं.

नवरा होता तेव्हा तिची जागा ठरलेली होती. तो पुढे चाक धरायचा आणि ती मागच्या कठड्यावरून ओणवी होऊन नळीकडे बघायची. मध्येच तो ओरडायचा, “पाणी येतंय का?”

“येतंय!”

“जोरात येतंय ना?”

“अहो, येतंय म्हटलं ना!”

पाणी थांबलं तर समजायचं, तळाशी पिशवी नाहीतर शेवाळ अडकलं. इंजिन ताबडतोब बंद. चाक धरून मागे वाकता येत नाही, म्हणून दुसरं माणूस हवंच. खरं तर तिला समुद्र कधी मानवला नाही. पण घरी परतल्यावर धाकट्या जावेपाशी ती कुरकुर करायची ती मोठ्या तोऱ्यात. “काय करणार गं, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.” जाऊ तोंडाला पदर लावून हसायची.

तो गेल्यावर घर असं गप्प झालं की फोन वाजला तर बोलण्याआधी तिला घसा खाकरावा लागे. धाकटे दीर त्याच्या आधीच गेले होते. जाऊ दोन गल्ल्या सोडून राहायची, तिच्याही घरी तीच तऱ्हा. पण दोघी भेटायच्या त्या कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या दहाव्याला. उगाच कुणाच्या दारात जाऊन बसायची दोघींनाही सवय नव्हती.

मग एका दुपारी ती एकटीच होडी घेऊन निघाली. चाक धरायचं, सोडून मागे पळायचं, नळी बघायची, परत पुढे पळायचं. शेवटी पुढे असतानाच मागे पाणी थांबलं. धूर आला तेव्हा कळलं. मासेमारांनी दोर बांधून तिला धक्क्यावर आणून सोडलं, आणि त्यातला एक जण म्हणाला, “आजी, घरी बसायचं सोडून हे काय भलतंच?” ते वाक्य तिला धुरापेक्षा जास्त झोंबलं.

मिस्त्री पाने पुसून पेटीत ठेवत होता. “काकांना मी किती वर्षं सांगत होतो, रेडिएटर बसवून घ्या म्हणून. इंजिन सडलं, दुसरं आणलं, तेव्हाही सांगितलं. ऐकतील तर शपथ.”

“हट्टीच होते.”

“हट्टी कुठले! हसायचे नुसते. म्हणायचे, अहो, पाणीच बघायचं नसेल तर ही कशाला येईल माझ्याबरोबर? घरी बसेल ना.” मिस्त्री स्वतःच हसला. “मला वाटायचं, टाळतायत.”

तिने पाइप खाली ठेवला. मग परत उचलला आणि फडक्याने बाहेरून पुसायला लागली. पुसून काही होणार नव्हतं.

“चालू करतो हं,” मिस्त्री म्हणाला.

इंजिन धडधडलं. ती उठली, मागच्या कठड्याशी गेली, ओणवी झाली. धुराची नवी नळी कोरडी होती. तोंडाशी गरम हवा थरथरत होती, एवढंच. खालचं पाणी जागच्या जागी डुचमळत होतं. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मागून कुणी काही विचारलं नाही.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. “एक नंबर! आता हा तापमानाचा काटा तेवढा लावायचा राहिला. चाकासमोरच भोक पाडतो, म्हणजे नजरेसमोर राहील.”

तो ड्रिल टेकवणार तोच ती म्हणाली, “तिथे नको.”

“मग कुठे?”

तिने होडीभर नजर फिरवली आणि मागच्या बाकाच्या कडेला बोट ठेवलं. “इथे.”

“अहो काकू, चालवताना तो तुमच्या पाठीमागे येईल. दिसणार कसा?”

“नाही ना दिसणार.”

मिस्त्रीने डोकं खाजवलं. “बरं, तुमची होडी. पण भोंगा मी चाकापाशीच लावणार. पाणी तापलं की आपोआप बोंबलेल. काटा कुणी बघितला न बघितला, सारखंच.”

“लावा,” ती म्हणाली आणि पिशवीतून फोन काढला. घसा खाकरला.

“मी बोलतेय गं. उद्या सकाळी मोकळी आहेस का?”

“कोण, ताई? का हो, कुणाचं काही बरंवाईट?”

“नाही गं बाई. होडीवर ये.”

“त्या डबड्यात? मला पोहता येत नाही.”

“मला तरी कुठे येतं!”

“आणि मी येऊन करू काय तिथे? शोभेला बसू?”

“इथे एक काटा आहे. त्याच्याकडे बघणारं कुणीतरी लागतं. मला काही चाक सोडता येत नाही.”

“आणि चढला तो काटा, तर?”

“तर ओरडून सांगायचं मला.”

“एवढंच ना? मग जमेल. पण चुकलं तर बोलणी नाही हं खाणार तुमची.”

मिस्त्रीने भोंग्याच्या वायरी जोडल्या होत्या. वाजवून बघायला त्याने बटणाकडे बोट नेलं. तिने फोन छातीशी घट्ट धरला आणि दुसरा हात वर करून त्याला थांबवलं.